दोन मिनिटं सत्तावीस सेकंद

आमच्या बोरखेडीत, दर्यापुरात आणि मोबाइल असलेल्या निम्म्या तालुक्यात असं सांगतात की अश्विनदादा मरताना दोन मिनिटं सत्तावीस सेकंद बोलला. त्याची क्लिप आहे. आधी बासरी वाजते, मग ढोल, मग एक भारदस्त आवाज म्हणतो, "आई, तुझा लेक निघाला गं. रडू नकोस. डोळे पूस. ही माती मला हाक मारते आहे." पुढे अजून बरंच काही आहे. शेवटी तीन गोळ्यांचे आवाज आणि पुन्हा बासरी.

हे खरं नाही. अश्विनदादा बावीस वर्षांच्या आयुष्यात सलग दोन मिनिटं सत्तावीस सेकंद कधीच बोलला नाही. आमचं घर आणि त्याचं घर यांच्यात एकच भिंत आहे, आणि मी गावातल्या बहुतेकांच्या नकला करते. त्यामुळे कोण किती बोलतं, कुठं अडकतं, कुठं उगाच खोकतं, हे मला पाठ आहे. आमच्या सरपंच रागिणीताई प्रत्येक वाक्याला "बरोबर आहे ना?" असा खिळा ठोकतात आणि कोणी काही म्हणायच्या आत पुढच्या वाक्यावर जातात. अश्विनदादाचे वडील शेषरावकाका, त्यांना कोणी शिवी दिली की आधी टोपी सारखी करतात, मग उत्तर देतात, आणि तोवर शिवी देणारा निघून गेलेला असतो. या सगळ्या नकला मला झोपेतही येतात. माझा आवाज जाड आहे, शाळेत प्रार्थनेला मला मागच्या रांगेत उभं करतात, त्यामुळे पुरुषांच्या नकला तर आणखी सोप्या. अश्विनदादाची मात्र अवघड, कारण तिच्यात बोलणंच कमी.

आणि त्याच क्लिपमधले शब्द त्याच्या स्मारकाच्या दगडावर कोरायचं ठरत होतं. त्याची आई, आमच्या सत्यवतीकाकू, यांचं एकच म्हणणं होतं: जे तो बोलला नाही ते त्याच्या नावाखाली लिहू नका. पंधरा ऑगस्टला दगडावरचा पडदा काढायचा होता, आणि अमरावतीच्या कारागिराला मजकूर आठ दिवस आधी द्यायचा होता. काकूंकडे तोवरच वेळ होता.

पण आधी तो कोण होता ते सांगते.

आमचं गाव खारपाणपट्ट्यात आहे. विहिरीचं पाणी एवढं खारट की त्याचा चहा केला तर दूध फाटतं. पाहुणा आला की पहिल्या घोटाला तो डोळे मिटतो आणि "छान आहे" म्हणतो. पिण्याचं पाणी नळाला येतं, आठ दिवसांतून एकदा, कधी दहा. ते कोणत्या आळीला किती वेळ सोडायचं हे शेषरावकाकांच्या हातात, कारण ते ग्रामपंचायतीचे वॉलमन. एवढी मोठी सत्ता असलेला माणूस आमच्या गावात दुसरा नाही, आणि एवढ्या शिव्या खाणाराही नाही.

"ओ शेषराव, आमच्या इकडं काय मुतखडा झाला का पायपाले?"

टोपी सारखी. "येऊन राह्यलं बाई. दहा मिनिटं."

"दहा मिनिटं तं तुमी मांगच्या बुधवारीबी म्हटलं होतं."

काकांचं एक खूळ होतं. वॉलमनच्या घरी जास्त पाणी जातं असं कोणी म्हणू नये म्हणून स्वतःच्या घराचा नळ ते सगळ्यात शेवटी ठेवत. शेवटी म्हणजे टाकी रिकामी झाल्यावर. त्यांच्या नळाला बहुतेक वेळा नुसती हवा यायची, फुस्स करून. मी ती नक्कलही करते. त्यामुळे अख्ख्या गावाला पाणी सोडणाऱ्या माणसाचा मुलगा सायकलवर कॅना लादून तीन किलोमीटरवरच्या फाट्यावर गोड पाणी भरायला जायचा. पाचवीत होता तेव्हापासून.

सायकलला चार कॅना. मागं दोन, दांडीला दोन. बांधायला सायकलचीच जुनी ट्यूब. त्याची पद्धत अशी की कॅन गळ्यापर्यंत भरायची, टोपणाखाली दुधाच्या पिशवीचा तुकडा ठेवायचा आणि मगच टोपण पिळायचं. मी एकदा त्याच्याबरोबर गेले तेव्हा माझ्या कॅना थोड्या कमी भरल्या, हलक्या पडाव्यात म्हणून. तो थांबला.

"भर."

"जड होते ना दादा."

"अर्धी डोलते. भरली का डोलत नाई."

एवढंच. त्या दिवशीचं ते त्याचं सगळ्यात मोठं भाषण. माझी सायकल नाल्याजवळ आडवी झाली, तेव्हा त्यानं ते दुसऱ्यांदा म्हटलं नाही. नुसतं माझ्या कॅनांकडे पाहिलं. त्याच्या कॅनांतून घरापर्यंत थेंब सांडत नसे. सत्यवतीकाकू रस्त्याकडे पाहून सांगायच्या, हा ओला रस्ता दुसऱ्या कोणाच्या पोराचा आहे.

बारावी झाल्यावर त्यानं भरतीची तयारी धरली. आमच्याकडं काळी माती, पाऊस पडला की चपलेला चार-चार किलो चिकटते, म्हणून पोरं डांबरी रस्त्यावरच्या पांढऱ्या पट्टीवर पळतात. सोळाशे मीटर, साडेपाच मिनिटांत. मी मोबाइल घेऊन फाट्यावर उभी असायची आणि आकडा ओरडायची. रस्त्यानं वावरात जाणाऱ्या बाया त्याला बोलायच्या.

"काहून पळून राह्यला रे अश्विन? कुत्रं मांग लागलं का?"

"पोरीचा बाप लागला असन."

तो हसायचा, पण दम मोडेल म्हणून बोलायचा नाही. बायांना वाटायचं लाजला. तो सेकंद वाचवत होता.

पहिल्या वर्षी अमरावतीच्या भरतीत तो चार सेकंदांनी राहिला. काळीपिवळी जीपमधून संध्याकाळी उतरला, तेव्हा पारावर दहा-बारा माणसं बसलेली होती. प्रत्येकाचा एकच प्रश्न, आणि त्याचं प्रत्येकाला एकच उत्तर, "चार सेकंद." घरी गेला, जेवला, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी पुन्हा पट्टीवर. मी विचारलं, "वाईट नाई वाटलं का दादा?" तर म्हणाला, "वाटलं ना." आणि मोबाइल माझ्या हातात दिला. पुढच्या वर्षी बावीस सेकंद शिल्लक ठेवून पास झाला.

पायदळात गेला. ट्रेनिंगहून पहिल्या सुट्टीवर आला तेव्हा खांदे रुंद झालेले, केस नाहीसे झालेले, आणि बोलण्यात "हां जी" आलेलं. काकूंनी विचारलं, "भाकर वाढू का?" तर म्हणे "हां जी." काका टोपी सारखी करून म्हणाले, "हे घर हाय बापा, पलटण नाई." ट्रेनिंगमधल्या त्याच्या उस्तादाची नक्कल मी त्याच्याकडूनच शिकले. उस्ताद हरियाणाचे, आणि कोणी चुकलं की ते शिवी न देता फक्त त्याच्या गावाचं नाव घ्यायचे, लांबवून. "अरे ओ बोरखे-ड्डी." मी ते एवढं हुबेहूब केलं की दादा ताटावरून अर्धा उठला.

तिकडं डोंगरात चौकीवर फोनला रेंज नसायची. एका मोठ्या दगडावर चढून उत्तरेकडे तोंड केलं की दोन काड्या यायच्या. तिथून तो रविवारी फोन करायचा. भिंतीच्या या बाजूला आम्हाला काकूंचं अर्धं बोलणं ऐकू यायचं. बाकी अर्धं आम्ही आमच्या मनानं भरायचो.

गेल्या मे महिन्यात सीमेवर तोफा सुरू झाल्या. टीव्हीवर दिवसभर लाल नकाशे. रविवारी फोन आला नाही, सोमवारीही नाही. मंगळवारी दुपारी दर्यापूरहून पोलिसांची गाडी आली. त्यातले साहेब वॉलमनचं घर कुठं म्हणून विचारत होते, आणि नळाचा दिवस असल्यामुळे रांगेत उभ्या बायांना वाटलं, कोणी तरी पाण्याची तक्रार केली.

पुढचं सगळ्यांनी टीव्हीवर पाहिलं आहे. फुलांची गाडी, सलामी, दर्यापूरपासून रस्त्याच्या दोन्ही बाजूंना माणसं. विहारात भंतेजींनी वंदना घेतली तेव्हा काकू सगळ्यांच्या बरोबरीनं म्हणत होत्या, एक शब्द न चुकता. मी तेवढंच नीट ऐकलं, बाकी मला फारसं आठवत नाही.

क्लिप आली पाचव्या दिवशी. आमच्या गावच्या ग्रुपवर ती टाकली स्वप्निलनं. स्वप्निल हा अश्विनदादाचा वर्गमित्र, त्याचं दर्यापूरला फ्लेक्सचं दुकान आहे. वाढदिवस असो की मयत, त्याच्याकडं मागं उगवता सूर्य तयारच असतो. माणूस मनानं चांगला. त्याला ती क्लिप दुसऱ्या ग्रुपवरून आली होती, त्या ग्रुपला तिसऱ्या. ती ऐकून तो दुकानाचं शटर ओढून तासभर रडला, हे मला त्याच्या शेजारच्या झेरॉक्सवाल्यानं सांगितलं. ग्रामपंचायतीनं स्मारकाचा ठराव केला, तेव्हा मजकुराचं काम स्वप्निलनंच अंगावर घेतलं. क्लिपमधला सबंध मजकूर त्यानं चार ओळींत बसवला होता.

जुलैत नायक मनोज आला; नायक हा त्याचा फौजेतला हुद्दा. अकोल्याकडचा, अश्विनदादाच्याच पलटणीतला, वयानं तिशीचा. सुट्टी मिळाल्यावर स्वतःच्या घरी जायच्या आधी आमच्या गावात उतरला. काकूंनी त्याला जेवायला बसवलं. तो जेवून, हात धुऊन, मग बोलला. मी चुलीजवळ बसले होते.

"काकू, तीन दिवस गोळे पडून राहिले होते. सामान आणणारे खच्चरवाले वर यायचे बंद झाले. आमच्या पुढच्या चौकीवर अश्विन सोडून आमी अकरा जण, पाणी संपलं. खाली झऱ्यावरून आणायचं. अश्विन म्हणे, मी आणतो."

"त्याले सांगतलं होतं का कोणी?" काकांनी विचारलं.

"नाई काका. पण तसंबी पाणी तोच आणायचा. आमी आणलं का अर्धं रस्त्यात सांडे. त्याचं सांडत नसे. साहेब म्हणायचे, बोरखेडी को भेजो." मनोज म्हणाला. "दोन चकरा झाल्या. तिसऱ्या चकरेत वर येऊन राहिला होता. गोळा पडला उतारावर. आमी पोचलो तवा तो गेलेला होता. बोलणं-बिलणं काही नाई. दोन कॅना होत्या. एक फुटली. दुसरी तशीच होती, भरलेली."

काकूंनी विचारलं, "मंग?"

"ते पाणी आमी प्यालो काकू. अकराही जण. दुसरं नव्हतं."

मग काकू म्हणाल्या, "बरं केलं." आणि त्याला ताक दिलं.

ग्रामपंचायतीची बैठक ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यात झाली, समाजमंदिरात, दिवसाढवळ्या. सगळं गाव. स्वप्निलनं मजकुराचा मोठा फ्लेक्स करून आणला होता, बंदूक धरलेल्या हातांसकट, आणि मोबाइलवर क्लिप लावली. बासरी झाली, ढोल झाला, आवाज झाला. दोन-तीन बायांनी डोळ्यांना पदर लावला.

रागिणीताई म्हणाल्या, "तर हा मजकूर सर्वांच्या संमतीनं आपण पाठवतो, बरोबर आहे ना?" आणि पुढच्या विषयावर जायला कागद उलटला.

काकू उभ्या राहिल्या. "हा अश्विन नाई."

मग जे मला अपेक्षित होतं ते झालं. एक-एक करून सगळी तोंडं माझ्याकडं वळली. गावात आवाज काढणारी दुसरी आहेच कोण. मागून कोणी तरी बोललंही, "हे त्या हर्षेचं तं काम नाई?" मी खूप नकला केल्या आहेत, पण मेलेल्या माणसाची कधी नाही.

"हर्षेचं नाई," काकू म्हणाल्या. "हर्षा याहून बरं करते."

थोडं हसू झालं. मला बरं वाटलं आणि वाईटही.

स्वप्निल गोंधळला. "काकू, तुमाले वाईट वाटते, समजते मले. पण आवाज तं त्याच्यासारखाच हाय. तुमी कसं म्हणता नाई म्हणून?"

"तो फोनवर बोलला का थांबते," काकू म्हणाल्या. "दोन शब्द बोलते आन थांबते. मी 'हं' म्हटलं का मंग पुढं. तिकडं रेंज नसते ना. माय ऐकून राह्यली का नाई, हे पाहते आंधी. दोन वर्षांत एकबी फोन त्यानं माह्या 'हं' बिगर पुढं नेला नाई. हा मानूस पाह्य कसा बोलून राह्यला. कोणी ऐकते का नाई, याले काही घेणंदेणं नाई."

स्वप्निलनं मोबाइलकडं पाहिलं, जणू त्यात तो माणूस बसलेला आहे.

"मंग काय लिहायचं काकू?"

"पाणी नेत होता ते लिहा."

आता खरी कुजबुज झाली. आमचं गाव वाईट नाही, पण त्याला एक गोष्ट कळत नव्हती. ज्या गावात बाई-माणूस, पोरंटोरं, सगळे रोज पाणी वाहतात, तिथं पाणी नेणं हे दगडावर लिहायचं काम आहे हे कोणाला पटणार. स्वप्निल हळूच म्हणाला, "काकू, बाहेरगावचे लोक येतीन. पालकमंत्रीबी येतीन म्हणतात. पाणी नेता नेता, असं वाचून काय म्हणतीन? पाणी तं आपण सारेच वायतो."

तेव्हा शेषरावकाका बोलले. बैठकीत त्यांना मी फक्त शिव्या खाताना पाहिलं होतं. त्यांनी टोपी सारखी केली नाही. ती काढून हातात धरली.

"सव्वीस वर्षं झाली मले वॉल फिरवून," ते म्हणाले. "कोणाच्या घरी पाणी पोचलं म्हणून मले सांगाले आजवर एकबी मानूस आला नाई. नाई पोचलं का सारे येता. अश्विननं अकरा जणाले पोचवलं. त्याच्यातला एक जण अकोल्याहून माह्या घरी सांगाले आला. आता तुमी काय लिहायचं ते लिहा."

आणि खाली बसले.

रागिणीताईंनी उलटलेला कागद पुन्हा सुलटा केला. म्हणाल्या, "सत्यवतीबाई सांगतील तसं लिहू." शेवटी "बरोबर आहे ना" लावलं नाही. मी मोजत होते.

स्वप्निलनं फ्लेक्स गुंडाळला. त्यानं त्या रात्रीच ग्रुपवरून क्लिप काढली आणि खाली लिहिलं की ती खोटी आहे, पुढं पाठवू नका. लोक अजून पाठवतात. दगडावरची अक्षरं त्यानं स्वतः आखून कारागिराकडं नेली. दगडावर नाव आहे, जन्माची आणि मरणाची तारीख आहे, आणि त्याखाली एकच ओळ: पुढच्या चौकीवर पाणी नेताना. पंधरा ऑगस्टला पालकमंत्री काही आले नाहीत. नायक मनोज आला, आणि सकाळी सहाची जीप पकडून आल्यामुळे झेंड्याच्याही आधी पोचला.

काकूंचं ते 'हं' ऐकल्यावर मला माझी एक गोष्ट उलगडली. फेब्रुवारीत अश्विनदादा शेवटच्या सुट्टीवर होता तेव्हाची ती आहे. आम्ही दोघं दर्यापूरच्या स्टँडबाहेर जीपमध्ये बसलो होतो. जीप भरत नव्हती, आणि दहावं गिऱ्हाईक आल्याशिवाय आमच्या मार्गावरचा ड्रायव्हर किल्ली लावत नाही. वेळ जाईना म्हणून मी नकला करत होते. ड्रायव्हरची केली, उस्तादाची केली, आणि मग दादाची केली. तो ऐकून म्हणाला, "बरी हाय."

"बरी? मी तुझ्या आवाजात काकूले फसवू शकते."

"नाई जमणार."

"लाव पैज."

"लाव."

मी जिंकले तर त्यानं मला चिखलदऱ्याला न्यायचं. हरले तर आठ दिवस कोणाचीच नक्कल करायची नाही, फक्त स्वतःच्या आवाजात बोलायचं. त्यानं त्याचा फोन लावून माझ्या हातात दिला. मी घसा साफ केला, आवाज त्याच्यासारखा खालून उचलला आणि म्हणाले, "माय, जीप भरून नाई राह्यली. उशीर होईन. तू जेवून घेजो, वाट नको पाहू." एका दमात. ड्रायव्हरनंही वळून पाहिलं, एवढं चांगलं झालं होतं.

पलीकडून काकू म्हणाल्या, "हर्षे, त्याले म्हण, येताना अद्रक आणजो."

दादा हसला नाही. फोन घेतला, "हो" म्हणाला आणि थांबला. मी तेव्हा ते थांबणं ऐकलं, पण मला वाटलं काकू अजून काही सामान सांगत असतील.

पैज मी पाळली. आठ दिवस फार अवघड गेले. मला भूक लागली हेही मी कोणाच्या तरी आवाजात सांगते हे मला तेव्हाच कळलं. माझ्या स्वतःच्या आवाजात मी काय बोलते ते कोणाला ओळखू येईना. आई दोनदा म्हणाली, पोरगी आजारी आहे का. सहाव्या दिवशी दादाची सुट्टी संपली. जीपमध्ये बसताना त्यानं माझ्याकडं बोट करून सांगितलं, "दोन दिवस राह्यले." मी माझ्या आवाजात म्हटलं, "माहीत हाय."

ते दोन दिवस मोजायला कोणी नव्हतं. मी ते पूर्ण केले.